अंगठा आणि साक्षीदार



स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून एखादा लेख मागितला जातो आणि दरवर्षी मी रेल्वेच्या इतिहासावर काहीतरी लिहून देतो. यंदा वाफेच्या इंजिनांवर लिहायचे ठरवले होते, टिपणेही काढली होती. पण गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या एका काकूंच्या बाबतीत जे घडले त्यामुळे विषय बदलला. इतिहास आहेच, मात्र इंजिनाचा नव्हे, अंगठ्याचा!

काकूंचे नाव लिहीत नाही. जुन्या मंडळींना कळेलच. मूळच्या चिपळूणकडच्या. यजमान आर.डी.एस.ओ.च्या प्रयोगशाळेत फिटर होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आलमबागच्या बाजूला दोन खोल्यांचे घर बांधले, पुढे ते वारले आणि काकूंना फॅमिली पेन्शन सुरू झाली. आपल्या उत्सवात उकडीच्या मोदकांना कळ्या पाडण्याचे काम गेली कित्येक वर्षे त्यांच्याकडे आहे. काकूंना लिहिता-वाचता येत नाही. पासबुकावर सहीच्या जागी अंगठा आहे.

गेल्या नोव्हेंबरात त्या हयातीचा दाखला द्यायला गेल्या. आता हा दाखला बहुतेक ठिकाणी यंत्रावर बोट ठेवून देतात. काकूंनी बोट ठेवले, यंत्राने ओळखले नाही. दहाही बोटे ठेवून झाली. ‘‘अम्मा, उँगली नहीं आ रही, कल आना.’’ असे चार वेळा. लखनौची थंडी, त्यात सत्तरी ओलांडलेले कोरडे, भेगाळलेले हात. पाचव्या वेळी तिथल्या मुलाने एक कागद छापून हातात दिला, पैसे घेतले आणि ‘‘हो गया’’ म्हणाला. प्रत्यक्षात तो दाखला नामंजूर झाला असल्याचा कागद होता. डिसेंबरची पेन्शन आली नाही, जानेवारीचीही आली नाही. काकू कोणाला बोलल्या नाहीत. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला आमच्या सौ.च्या लक्षात आले की काकूंनी दूध बंद केले आहे आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात. खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘सरकारला वाटतंय मी मेले. आता मी जाऊन काय सांगू, मी जिवंत आहे म्हणून?’’

हे ऐकून मला वाईट वाटलेच, पण त्याहून अधिक लाज वाटली. कारण आदल्याच वर्षी मंडळाच्या सभेत मीच मोठ्या तोऱ्यात सांगितले होते, ‘‘आता सगळे ऑनलाइन झाले, कोणाला कुठे जायची गरज नाही!’’

तेव्हापासून हा अंगठा डोक्यात घुसला. सरकारी कागदावर तो आला कुठून, आणि इतकी वर्षे ज्याच्यावर व्यवहार चालले तो आताच ‘येईनासा’ का झाला, याचा शोध घेत बसलो.

सुरुवात आपल्याच मुलखापासून करतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. कर्जखते आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. ज्या कागदावर आपली निशाणी आहे, पण ज्यात काय लिहिले आहे ते आपल्याला ठाऊक नाही, तो कागद शेतकऱ्याला सर्वांत मोठा शत्रू वाटत होता. अंगठा आपला आणि मजकूर दुसऱ्याचा!

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यातली एक तरतूद आम्हा तांत्रिक माणसांनी वाखाणावी अशी आहे. शेतकऱ्याचे कर्जखत घरात बसून लिहून चालणार नाही. गावोगावी नेमलेल्या निबंधकासमोरच ते झाले पाहिजे, नाहीतर ते कोर्टात ग्राह्य नाही. म्हणजे निरक्षर माणूस आणि कागद यांच्यामध्ये जबाबदार साक्षीदार उभा करायचा. कायद्याने सगळे प्रश्न सुटले असे अजिबात नाही. सावकार वाटा शोधतच राहिले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचला तर कागद न वाचता येणाऱ्या माणसाला कचेरीतली लिहिणारी जात कशी नागवते हे कळते. साक्षीदारही लबाड निघू शकतो, तेव्हा जुने ते सगळे सोने असे माझे म्हणणे नाही.

त्याच सुमारास बंगालमध्ये वेगळा प्रयोग चालला होता. विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी १८५८ मध्ये जंगीपूर येथे होता. रस्त्यासाठी लागणारी खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी केला आणि करार मोडू नये म्हणून कागदाच्या मागे कोनाईच्या हाताचा अख्खा पंजा शाई लावून उमटवून घेतला. (खडीच्या कंत्राटदारावर विश्वास कमी, ही परंपरा किती जुनी आहे पाहा.) या ठशांचा त्याला नाद लागला. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे मॅजिस्ट्रेट असताना त्याने नोंदणी कचेरीत, तुरुंगात आणि मुख्य म्हणजे पेन्शनरांसाठी बोटांचे ठसे सुरू केले. कारण हेच, की पेन्शनर वारल्यावरही त्याच्या नावाने दुसराच कोणीतरी पैसे उचलत असे. म्हणजे आपल्या काकूंना नोव्हेंबरात ज्या यंत्रासमोर बसावे लागले, त्याचे मूळ हुगळीच्या पेन्शन कचेरीत आहे! १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली, तरी त्यामागचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचे होते. हर्शेलने आपल्या शोधाची हकीकत १९१६ साली पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लोकमान्य टिळक काँग्रेस अधिवेशनासाठी आपल्या लखनौत आले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण साल जुळले म्हणून नोंदवून ठेवतो.

लोकमान्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण ते या लेखाच्या विषयातलेच आहे. १८९६-९७ मध्ये महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. दुष्काळात सरकारने रयतेला काय द्यावे, सारा केव्हा तहकूब करावा, कामे कुठे काढावीत याचे नियम सरकारनेच करून ठेवले होते. पण ते इंग्रजीत, आणि रयतेला त्यांचा पत्ता नाही. टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी ते नियम मराठीत गावोगावी पोहोचवले. सभेची माणसे खेड्यात जाऊन सांगत की हे तुमच्या हक्काचे आहे, भीक नव्हे. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यताच काढून घेतली. सार्वजनिक गणेशोत्सवाला तेव्हा उणीपुरी चार वर्षे झाली होती. मंडप कशासाठी, असे कोणी विचारले तर मला आरास सुचत नाही, ही माणसे आठवतात.

पुढचा काळ मनिऑर्डरचा. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणी-घाटी माणसाचा पगार त्याच्या गावच्या घरी पोचू लागला. पोस्टमन दारात येई, पैसे मोजून देई, आलेले पत्र वाचून दाखवी आणि पावतीवर अंगठा घेई. शेजारी कोणीतरी साक्षीला सही करी. आपल्या जुन्या खतांवर ‘नि. डा. हा. अं.’ असे लिहिलेले असते. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्या चार अक्षरांच्या शेजारी लिहिणाऱ्याचे नाव हमखास असते. पुसट ठसा आला, शाई फासली गेली, म्हणून मनिऑर्डर परत गेल्याचे माझ्या आजीकडून मी कधी ऐकले नाही. पोस्टमनला ठसा वाचायचाच नव्हता. तो माणूस ओळखत होता.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः असा साक्षीदार होतो. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो तेव्हा सुरुवातीची काही वर्षे भुसावळ विभागात रुळांच्या देखभालीवर काढली. त्या काळात अनेक गँगमनचा पगार रोखीने होई. पगार वाटणारा क्लार्क पेटी घेऊन येई, गँग रांगेने बसे, मुकादम एकेकाला पुकारी. ज्यांना सही येत नसे ते पगारपत्रकावर अंगठा उमटवीत आणि ‘माझ्या समक्ष पगार दिला’ अशी सही सुपरवायझर म्हणून मी करी. एकदा एका गँगमनचा डावा अंगठा फिशप्लेटमध्ये चेपला होता, हाताला पट्टी. क्लार्क माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, उजव्या हाताचा घ्या. आणि पत्रकावर लिहिले : ‘डाव्या अंगठ्यास जखम, म्हणून उजवा.’ खाली सही, तारीख. संपले काम, अर्ध्या मिनिटात. त्या वेळी त्यात काही विशेष वाटले नाही. आता वाटते, की त्या एका ओळीसाठी काकूंना दोन महिने दुधाशिवाय काढावे लागले.

रेल्वेत संगणक आला तेव्हाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यापूर्वी आरक्षण म्हणजे मोठमोठी रजिस्टरे, प्रत्येक गाडीची वेगळी खिडकी, आणि परतीचे तिकीट हवे तर तारेने विचारणा. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले, हळूहळू देशभर पसरले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. इतका मोठा बदल झाला, पण खेड्यातल्या म्हातारीला त्यासाठी काही नवे शिकावे लागले नाही. तिने पूर्वीसारखाच कागदी फॉर्म भरून घ्यायचा आणि खिडकीत सरकवायचा. संगणक खिडकीच्या आतल्या बाजूला होता. तो शिकायची जबाबदारी पगारी माणसाची होती. ३ ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवर तिकीट मिळू लागले आणि यंत्र खिडकीच्या बाहेर, प्रवाशाच्या हातात आले. मला त्याचा फायदाच झाला. गणपतीला गावी जायचे तिकीट रात्री घरी बसून काढण्याचे सुख ज्याने रांगेत रात्र काढली आहे त्यालाच कळेल. खिडकीही चालू राहिली. तरी जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागू लागला, आणि पुढे खिडकीवरच्या तत्काळ तिकिटालाही मोबाइलवरचा ओटीपी आला. दलालांना आळा घालण्यासाठी हे केले, हेतू चांगला आहे. पण ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याच्यासाठी खिडकी उघडी असूनही मध्ये काच आली.

आता आधारकडे वळू. देशातले पहिले आधार क्रमांक कुठे दिले गेले? महाराष्ट्रात! नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. कल्पना अशी होती की ज्याच्याकडे कसलाच कागद नाही, ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला स्वतःची ओळख मिळावी. बोट हाच त्याचा कागद. कल्पना म्हणून मला ती तेव्हाही पटली होती, आजही पटते. घर सोडून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाला गावच्या पोस्टमनची ओळख काय कामाची?

अडचण बोटाचीच. वीटभट्टीवर, चुन्या-सिमेंटात, शेतात, धुण्याभांड्यांत राबणाऱ्याच्या बोटावरच्या रेषा झिजतात. वयाबरोबर कातडी कोरडी आणि सैल होते. यंत्राला ठसा नीट मिळत नाही. झीज हा आमच्या रोजच्या कामातला विषय आहे. रूळ झिजतो, चाक झिजते. चाक किती झिजले की बदलायचे याचे माप ठरलेले असते, आणि झिजले म्हणून कोणी चाकाला बोल लावत नाही. आपल्या वसाहतीचे नावच मानक नगर. १९५२ मध्ये लखनौत रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र आले, १९५७ मध्ये ते आणि मध्यवर्ती मानक कार्यालय एकत्र होऊन आर.डी.एस.ओ. झाली, आणि तेव्हापासून सगळ्या रेल्वेची मापे इथे ठरतात. मानक म्हणजे आपल्या मराठीत प्रमाण. १० नोव्हेंबर २०१४ रोजी पेन्शनरांसाठी जी योजना सुरू झाली तिचे नावही ‘जीवन प्रमाण’! आधारवर बोट ठेवून हयातीचा दाखला. या योजनेने लाखो पेन्शनरांची पायपीट वाचली हे मान्य केलेच पाहिजे. माझे वडील जळगावला असतात. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय निघाली, आणि तेव्हापासून त्यांचा दाखला धाकटा भाऊ मोबाइलवर ओसरीत बसून पाच मिनिटांत करतो. पण ज्या घरात धाकटा भाऊ नाही, त्या घराचे काय?

सर्वांत मोठी परीक्षा झाली ती २०१७ च्या कर्जमाफीत. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांची दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ करण्याची योजना जाहीर केली. अर्ज ऑनलाइन भरायचा, पती-पत्नी दोघांनी आधार आणि अंगठा घेऊन केंद्रावर यायचे. खोट्या लाभार्थ्यांना चाळणी लावायची, हा विचार चुकीचा नव्हता. आधीच्या कर्जमाफीत बँकांनी काय घोळ घातले यावर बरेच बोलले गेले होते. पण ऐन खरिपात, निंदणीच्या दिवसांत, गावोगावच्या केंद्रांवर रांगा लागल्या. कुठे सर्व्हर बंद, कुठे वीज नाही, कुठे अंगठा जुळत नाही. ज्यांचा मोबाइल आधारला जोडलेला नव्हता त्यांना ओटीपीचाही मार्ग बंद. शेवटची तारीख वाढवत २२ सप्टेंबरपर्यंत न्यावी लागली. सगळ्यात कटू गोष्ट मला ही वाटते की हा शेतकरी कोणाला अनोळखी नव्हता. त्याचे कर्ज सहकारी सोसायटीच्या खात्यात होते, जमीन तलाठ्याच्या दप्तरात होती, सचिव त्याला नावाने हाक मारत होता. तिघांनाही बाजूला ठेवून यंत्राला विचारले, हा कोण?

त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या कर्जमाफीत अर्ज भरायला लावला नाही. बँकांनी आपल्याकडच्या नोंदींवरून याद्या दिल्या, त्या गावात लावल्या, आणि शेतकऱ्याने आपल्या नावापुढची रक्कम पाहून आधारने खात्री करायची एवढेच ठेवले. यंत्र तेच, अंगठा तोच. पण लिहायचे काम पुन्हा खिडकीच्या आत गेले. सरकार बदलले म्हणून हे झाले की अनुभवाने शहाणपण आले, यावर आपल्या मंडळात दोन तट पडतील, तेव्हा मी बोलत नाही!

याच काळात न्यायालयातही हा विषय गाजत होता. २०१७ च्या ऑक्टोबरात आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून कळवले की ठसा जुळत नाही म्हणून कोणाला लाभ नाकारू नका, दुसरी वाट ठेवा. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आधारचा कायदा बहुमताने टिकवला, पण त्याच निकालात म्हटले आहे की सरकारी नोकराची पेन्शन ही त्याने कमावलेली असते, तो त्याचा हक्क आहे, आणि सरकारी अनुदानासाठी आधार सक्तीचे करणाऱ्या कलमात ती बसत नाही. पेन्शनरांना हे नवीन नव्हते. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा खटल्याच्या निकालात न्यायालयाने पेन्शन ही मालकाच्या मर्जीची देणगी नाही असे स्पष्ट केले होते. आपले पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. दर वर्षी १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन पाळतात तो त्यामुळेच. गेल्या वर्षी तो दिवस आला तेव्हा काकूंचा दाखला नामंजूर होऊन पडला होता. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे ठरवले. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करता येत नाही म्हणून त्यांची ओळख पटवली जात नव्हती.

निकाल आहेत, परिपत्रके आहेत. मग अडते कुठे? इथे मला आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगू द्या.

रेल्वेचा सिग्नल असा बनवलेला असतो की काहीही बिघडले, तार तुटली, वीज गेली, तरी तो लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे. आता तुमच्या काकूंचे यंत्रही हेच करते. ठसा जुळला नाही की लाल. इथपर्यंत मी यंत्राच्या बाजूने आहे. पण रेल्वे इथे थांबत नाही. सिग्नल बिघडला म्हणून गाडी जन्मभर उभी ठेवायची नसते. नियमावलीत त्यासाठी छापील कागद आहे, टी ३६९ (३ बी). स्टेशनमास्तर खात्री करून, स्वतःच्या सहीने तो ड्रायव्हरला देतो, आणि गाडी ठरवून दिलेल्या मंद गतीने लाल सिग्नल ओलांडते. हा कागद प्रत्येक स्टेशनमास्तरच्या टेबलावर असतो. तो कसा द्यायचा हे त्याला शिकवलेले असते, आणि दिला म्हणून त्याला कोणी जाब विचारत नाही. वेळेवर दिला नाही तर विचारतात. शंभर वर्षांहून जुन्या अनुभवातून हे नियम घडले. त्या केंद्रावरच्या मुलाजवळ असा कागद नव्हता. खरे तर होता. यंत्राने नाही म्हटले तरी कागदी हयातीचा दाखला रद्द झालेला नाही. बँकेच्या अधिकाऱ्याने पेन्शनरला समोर पाहून सही केली तर तो चालतो. पण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मलाही माहीत नव्हते. मी तर इंजिनीयर म्हणून मिरवणारा!

फेब्रुवारीत काकूंना घेऊन मी फिरलो. पहिल्यांदा पुन्हा बोटे. हातांना खोबरेल तेल चोळून, कोमट पाण्यात धरून पाहिले. नाही. ओटीपीचा प्रयत्न केला तर आधारला यजमानांचा मोबाइल नंबर, जो ते गेल्यावर बंद झाला. माझ्या मोबाइलवर चेहरा दाखवून पाहिला. आधारवरचा फोटो बारा-तेरा वर्षांपूर्वीचा, त्यानंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि दात गेलेले. जुळला नाही. काकू हसून म्हणाल्या, ‘‘अहो, मीच मला ओळखत नाही, ते काय ओळखणार!’’ मग एका निवृत्त वरिष्ठांनी कागदी दाखल्याचे सुचवले. मी सही करून देतो म्हटले तर ते हसले. माझी सही राजपत्रित नाही. भुसावळला शंभर अंगठ्यांना साक्ष राहिलेली ही सही इथे चालेना.

बँकेत पहिल्या टेबलावरच्या तरुण मुलीने ‘अब सब ऑनलाइन है’ असे सांगितले. तिचा दोष नाही, तिला तसेच शिकवलेले. दुसऱ्या टेबलावर केस पिकलेले एक गृहस्थ होते. त्यांनी पासबुक उघडले, फोटो पाहिला, चष्मा वर करून काकूंकडे पाहिले, आणि हिंदीत विचारले, ‘‘भाईसाहब टेस्टिंग में थे न? पासबुक भरवाने आते थे.’’ खानाच्या खणातून छापील फॉर्म काढला. काकूंनी निळ्या शाईत अंगठा बुडवून उमटवला, शेजारी त्यांनी सही आणि शिक्का मारला. सगळे मिळून तीन मिनिटे गेली असतील. मार्चमध्ये थकलेली पेन्शन एकदम जमा झाली.

आता यंदाच्या उत्सवाबद्दल. कार्यकारिणीने मान्यता दिली आहे, तेव्हा जाहीर करायला हरकत नाही. उत्सवाच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीआधी एक तास मंडपाच्या उजव्या बाजूला एक टेबल असेल. ज्यांना पेन्शन आहे त्यांनी पीपीओचा कागद, पासबुक, आधार कार्ड आणि घरात असेल तो मोबाइल आणावा. नोव्हेंबर यायच्या आतच कोणाचा ठसा जुळतो, कोणाचा नंबर बंद आहे, कोणाला कागदी दाखला लागेल हे पाहून ठेवू. ओटीपी कोणालाही सांगू नये, आम्हालाही नाही. आकडे ज्याचे त्यानेच टाकायचे, वाचता येत नसेल तर घरचे कोणी बरोबर आणावे. कोरे फॉर्म मी छापून आणतो. एका निवृत्त राजपत्रित अधिकाऱ्यांनी बँकेत बरोबर यायचे कबूल केले आहे. मराठी घरांपुरतेच हे नाही. आलमबागेतल्या आणि आजूबाजूच्या ज्यांना गरज आहे त्यांना आपण होऊन सांगावे, धुणी-भांडी करणाऱ्या बायकांनाही. त्यांच्यापैकी कित्येकींना विधवा पेन्शन आहे.

टेबलावर लिहायला मी आणि आमचे चिरंजीव बसू. काकूही बसणार आहेत. मोदकांचे काम या वर्षी सुनांवर सोपवा म्हणतात. त्यांना अक्षर येत नाही, पण वसाहतीतून बाहेर गेलेली प्रत्येक जुनी बाई त्या नाव, गाव आणि यजमानांच्या खात्यासकट ओळखतात.